बिगरहंगामातील नैनिताल : वसंतकालीन पर्यटन आणि सरोवराचे जलवर्ष

सारांश

पर्वतीय पर्यटनस्थळांवरील गर्दी कमी करण्यासाठी पर्यटकांनी बिगरहंगामी काळात प्रवास करावा, असे सर्वसाधारणपणे सुचविले जाते. उत्तराखंड राज्यातील नैनिताल या सरोवरकाठच्या नगराच्या संदर्भात या सूचनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा वसंतकाळ येथील हॉटेल व्यवसायाच्या दृष्टीने मंदीचा असतो. सरोवराच्या दृष्टीने मात्र हा काळ साठलेले पाणी जपून वापरण्याचा, आणि भोवतालच्या वनांच्या दृष्टीने वणव्याच्या धोक्याचा असतो. त्यामुळे वसंतातील पर्यटन उन्हाळी गर्दीची जागा घेत असेल तरच ते हितावह ठरते; त्या गर्दीत भर घालणारे असेल तर सरोवरावरील ताण वाढतो, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजशब्द : नैनिताल, बिगरहंगामी पर्यटन, वसंत ऋतू, सरोवराची पातळी, पाणलोट क्षेत्र, पुनर्भरण, वणवा.

प्रस्तावना

पर्यटन हा ऋतूंवर अवलंबून असलेला व्यवसाय आहे. थंड हवेच्या ठिकाणी तर हंगाम आणि बिगरहंगाम यांतील अंतर ठळकपणे जाणवते. महाराष्ट्रातील वाचकाला महाबळेश्वर व माथेरान यांच्या उदाहरणावरून ही गोष्ट परिचित आहे. एप्रिल-मे महिन्यांत या ठिकाणी गर्दी उसळते आणि जूनमध्ये पावसाला सुरुवात होताच ती ओसरते. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव मानवनिर्मित असून तो १८४२ मध्ये बांधला गेला. तेथील प्रमुख बिगरहंगाम म्हणजे पावसाळा होय. म्हणजेच पर्यटक नसतात त्या काळात तलाव भरत असतो. निसर्गाची भरती आणि व्यवसायाची ओहोटी तेथे एकाच वेळी येते.

नैनितालची रचना याहून वेगळी आहे. तेथे बिगरहंगामाचे दोन कालखंड आढळतात. पहिला जुलै ते सप्टेंबर हा पावसाळी कालखंड आणि दुसरा जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे उत्तर हिवाळा व वसंताचा. यांपैकी दुसऱ्या कालखंडात तलाव भरत नसतो. तो हळूहळू उतरत असतो. बिगरहंगामी प्रवास पर्यावरणाला अनुकूल असतोच, या गृहीतकाची तपासणी करण्यासाठी नैनितालचा वसंत हे म्हणूनच योग्य उदाहरण ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१) नैनितालमधील पर्यटन हंगामाची ऐतिहासिक घडण स्पष्ट करणे.
२) वसंतकाळातील नगराचे, निसर्गाचे आणि लोकजीवनाचे स्वरूप मांडणे.
३) सरोवराच्या वार्षिक जलचक्रात वसंताचे स्थान कोणते, हे विशद करणे.
४) बिगरहंगामी पर्यटनाच्या लाभांची व मर्यादांची चर्चा करून शैक्षणिक सहलींच्या दृष्टीने काही सूचना करणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून ते प्रकाशित माहितीच्या आधारे केले आहे. नैनिताल जिल्ह्यातील भीमताल, सातताल, नौकुचियाताल व खुर्पाताल या इतर सरोवरांचा विचार येथे केवळ प्रसंगोपात्त केला आहे.

स्थान व भौगोलिक पार्श्वभूमी

नैनिताल हे कुमाऊँ विभागातील जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवर आहे. सरोवराची लांबी सुमारे १.४ किलोमीटर, कमाल रुंदी सुमारे ४५० मीटर, कमाल खोली सुमारे २७ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ४८ हेक्टर आहे. ज्याच्या नावावर एक संपूर्ण नगर, एक जिल्हा आणि मोठा पर्यटन व्यवसाय उभा आहे, त्या जलाशयाचा विस्तार अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही थोडा कमी आहे, ही बाब प्रारंभीच लक्षात घेणे आवश्यक ठरते.

सरोवराच्या वायव्येकडील वरच्या टोकास मल्लीताल आणि आग्नेयेकडील खालच्या टोकास तल्लीताल असे म्हणतात. कुमाऊँनी भाषेत ‘मल्ला’ म्हणजे वरचा आणि ‘तल्ला’ म्हणजे खालचा. भोवती नैना शिखर, शेर-का-डांडा, आयारपाटा इत्यादी डोंगरांचे कडे आहे. तल्लीताल येथील दरवाजांतून जादा पाणी बाहेर सोडले जाते आणि ते बलिया नाल्याने खाली वाहत जाते. सरोवराची निर्मिती भूपृष्ठाच्या हालचालींतून झाली असून हिमालयातील मुख्य सीमावर्ती भ्रंश या परिसराजवळून जातो. चुनखडक, डोलोमाइट आणि ठिसूळ पाटीचा खडक यांचे हे उतार मुळातच अस्थिर आहेत.

या अस्थिरतेचा सर्वांत भीषण प्रत्यय १८ सप्टेंबर १८८० रोजी आला. अतिवृष्टीनंतर शेर-का-डांडाचा उतार कोसळून १५१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि नयनादेवीचे मंदिर गाडले गेले. मल्लीताल येथे आज ‘फ्लॅट्स’ या नावाने ओळखले जाणारे सपाट मैदान या दरडीच्या राडारोड्यातून विस्तारले. त्यानंतर डोंगरउतारावरील पाणी सुरक्षितपणे खाली आणण्यासाठी नाल्यांचे पद्धतशीर जाळे बांधण्यात आले. नगराचे अस्तित्व आजही या नाल्यांच्या सुस्थितीवर अवलंबून आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये सरोवराकाठच्या लोअर मॉल रोडचा एक भाग खचून पाण्यात गेला, तर ऑगस्ट २०२४ मध्ये टिफिन टॉप येथील ‘डोरोथी सीट’ हे प्रसिद्ध निरीक्षणस्थळ भूस्खलनात नष्ट झाले. या घटना पाहता १८८० हे केवळ इतिहासातील एक वर्ष ठरत नाही.

‘हंगाम’ या संकल्पनेची ऐतिहासिक घडण

नैनितालचे सरोवर स्थानिकांना प्राचीन काळापासून ज्ञात व पूज्य होते. स्कंदपुराणाच्या मानसखंडाशी निगडित परंपरेत त्याचा निर्देश अत्री, पुलस्त्य व पुलह या ऋषींशी जोडून ‘त्रिऋषि सरोवर’ असा होतो. शाहजहानपूर येथील पी. बॅरन या साखर व्यापाऱ्याने १८४१ मध्ये येथे भेट दिली. त्याच्या लेखनामुळे या स्थळाची प्रसिद्धी झाली व युरोपियन वसाहतीस आरंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नैनिताल हे वायव्य प्रांताच्या, म्हणजे पुढील काळातील संयुक्त प्रांताच्या, शासनाचे उन्हाळी ठिकाण बनले. १८८४ मध्ये रेल्वे काठगोदामपर्यंत पोहोचल्यानंतर मैदानी प्रदेशातून येणे सुलभ झाले.

नैनितालचा ‘हंगाम’ अशा रीतीने निसर्गाइतकाच प्रशासनाने घडविला. मैदानात उन्हाळा असह्य होऊ लागला की सरकारी दप्तरे, अधिकारी व त्यांची कुटुंबे वर येत आणि थंडीच्या सुरुवातीस खाली उतरत. स्वातंत्र्योत्तर काळात या व्यवस्थेची जागा शाळांच्या सुट्ट्यांनी घेतली. मे-जून हा मुख्य हंगाम, दसरा-दिवाळीचा दुय्यम हंगाम आणि नाताळ ते नववर्ष हा अल्पकालीन हंगाम असे आजचे वेळापत्रक साधारणपणे रूढ झाले आहे. वसंत त्यात बसत नाही. कारण मार्च महिन्यात उत्तर भारतातील बहुतेक कुटुंबे मुलांच्या परीक्षांत गुंतलेली असतात. म्हणजे वसंत बिगरहंगाम ठरण्याचे कारण हवामानापेक्षा मैदानातील शैक्षणिक दिनदर्शिकेत अधिक आहे.

गमतीचा भाग असा की, खुद्द नैनितालची शैक्षणिक दिनदर्शिका याच काळात जागी होते. येथे शेरवूड (स्थापना १८६९), सेंट जोसेफ (स्थापना १८८८) यांसारख्या जुन्या निवासी शाळा आहेत. कडक हिवाळ्यामुळे या शाळांची दीर्घ सुट्टी थंडीत असते आणि हिवाळा सरताना वर्ग पुन्हा भरू लागतात. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या कुमाऊँ विद्यापीठाचे डी. एस. बी. परिसर हे केंद्र याच नगरात आहे. २००० साली राज्यनिर्मितीनंतर उत्तराखंड उच्च न्यायालयही येथेच स्थापन झाले. त्यामुळे पर्यटकाच्या दृष्टीने ओस असलेले नगर वसंतात प्रत्यक्षात विद्यार्थी, शिक्षक, वकील व नागरिक यांचे असते. २०११ च्या जनगणनेनुसार या नगराची लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती. ‘बिगरहंगाम’ हा शब्द बाहेरून येणाऱ्याचा आहे. तेथे राहणाऱ्यासाठी तो दैनंदिन जीवनाचा काळ असतो.

वसंतातील निसर्ग व लोकजीवन

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उन्हाला ऊब येऊ लागते, परंतु सावलीत व रात्री थंडी टिकून असते. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाचे हवामान सुखद असले तरी पश्चिमी विक्षोभांमुळे अधूनमधून पाऊस, गारपीट व वादळी वारे अनुभवास येतात. या काळात येणाऱ्याने लोकरीचे कपडे व पावसापासून संरक्षणाची सोय सोबत ठेवणे आवश्यक असते. वसंत म्हणजे कोवळे ऊन आणि मंद वारा, ही मैदानी कल्पना येथे अपुरी पडते.

वसंताची सर्वांत ठळक खूण म्हणजे बुरांश होय. ऱ्होडोडेंड्रॉनच्या या वृक्षाला फेब्रुवारी ते एप्रिल या काळात लाल फुलांचे गुच्छ येतात. बुरांश हे उत्तराखंडाचे राज्यवृक्ष असून त्याच्या फुलांपासून सरबत तयार केले जाते. हा वृक्ष प्रामुख्याने बांज, म्हणजे हिमालयीन ओक, याच्या सोबतीने वाढतो. बांजाच्या वनातील जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर साचतो आणि तो पावसाचे पाणी धरून ठेवतो. याउलट चीड या पाइन वृक्षाच्या वनात जमीन कोरडी राहते. त्यामुळे किलबरी-पंगोट रस्त्यावर बुरांशाच्या लाल छटा पाहणारा प्रवासी अप्रत्यक्षपणे झऱ्यांना पाणी पुरविणारे वनही पाहत असतो. एप्रिलपासून डोंगरउतारावर काफळ हे आंबटगोड रानफळ पिकू लागते. पक्षिनिरीक्षकांसाठीही हा काळ अनुकूल मानला जातो, कारण अनेक पक्ष्यांच्या विणीच्या हंगामाची सुरुवात होत असते.

लोकजीवनातही वसंताला विशेष स्थान आहे. कुमाऊँमध्ये सौर महिने प्रचलित असल्याने चैत्र संक्रांतीस, म्हणजे मार्चच्या मध्यास, ‘फूलदेई’ हा सण साजरा होतो. मुले सकाळी रानफुले गोळा करून घरोघरच्या उंबऱ्यांवर वाहतात आणि घरातील मोठी माणसे त्यांना तांदूळ, गूळ किंवा पैसे देतात. महाराष्ट्रात चैत्राचे स्वागत गुढीने होते. कुमाऊँमध्ये ते उंबऱ्यावरील फुलांनी होते. कुमाऊँनी होळीचे वैशिष्ट्य म्हणजे ‘बैठकी होली’. रागदारीवर आधारित होळीगीतांच्या या बैठका पौष महिन्यापासूनच सुरू होतात व होळीपर्यंत चालतात. होळीच्या सुट्टीत मैदानी प्रदेशातील पर्यटक मोठ्या संख्येने येतात. तेवढे दिवस बिगरहंगाम नाममात्र उरतो.

हिमशिखरांच्या दर्शनाबाबत मात्र एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. स्नो व्ह्यू किंवा नैना शिखरावरून नंदादेवी (७,८१६ मीटर) व त्रिशूळ (७,१२० मीटर) यांसह हिमालयाची रांग दिसते, हे खरे आहे. तथापि सर्वांत स्वच्छ दृश्य पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि हिवाळ्यातील निरभ्र दिवशी मिळते. वसंत पुढे सरकतो तशी हवेत धूळ व धूर वाढतो. पावसाची सर येऊन गेल्यानंतरची पहाट ही त्यातल्या त्यात उत्तम वेळ होय. वसंताचे आकर्षण शिखरांपेक्षा वने, पायवाटा आणि शांत सरोवर यांत अधिक आहे.

सरोवराचे जलवर्ष आणि वसंत

बिगरहंगामाच्या प्रश्नाचा गाभा सरोवराच्या जलचक्रात आहे. नैनिताल परिसरात पडणाऱ्या वार्षिक पावसाचा बहुतांश भाग जूनअखेर ते सप्टेंबर या काळात पडतो. याच महिन्यांत नाल्यांतून, उतारांवरून व भूजलातून सरोवर भरते आणि जादा पाणी तल्लीताल येथून सोडावे लागते. ऑक्टोबरपासून पातळी उतरू लागते. हिवाळी पाऊस व हिमवृष्टी समाधानकारक झाल्यास ही घसरण मंदावते, अन्यथा ती वेग घेते. वसंतात आवक अल्प असते आणि बाष्पीभवन वाढू लागते. मे-जूनमध्ये पातळी वर्षातील नीचांकास पोहोचते.

अशा प्रकारे सप्टेंबरअखेर जमा झालेल्या पाण्यावर पुढील सुमारे नऊ महिने काढावे लागतात. एखाद्या कुटुंबाने सुगीत भरलेली कणगी पुढच्या पिकापर्यंत पुरवावी, तसा हा व्यवहार आहे. वसंतात कणगी अर्धी झालेली असते आणि पाहुण्यांची सर्वांत मोठी रीघ अजून यायची असते. मार्च-एप्रिलमध्ये वाचविलेले पाणी मे-जूनमध्ये कामी येते. या काळात उधळलेल्या पाण्याची भरपाई पावसाळ्यापूर्वी होत नाही.

नगराचा पाणीपुरवठाही मुख्यत्वे याच सरोवरावर विसंबून आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. काठालगतच्या नलकूपांतून पाणी उपसले जाते. सरोवराचे पाणी वाळू व गाळाच्या थरांतून झिरपत या कूपांत येते आणि त्या प्रवासात त्याचे काही प्रमाणात नैसर्गिक गाळण होते. ज्या पाण्यात पर्यटक नौकाविहार करतो, त्याच पाण्याचा अंश त्याच्या हॉटेलातील नळाला येतो. खोली, स्नानगृह, धुलाई व स्वयंपाक यांसाठी लागणारे पाणी आणि सरोवराचे सौंदर्य यांचा साठा एकच आहे.

२०१६ व २०१७ च्या उन्हाळ्यात या व्यवस्थेची मर्यादा उघड झाली. सरोवराची पातळी मोजपट्टीवरील शून्याच्याही खाली गेली, काठावर गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडले आणि नगराच्या पाणीपुरवठ्यात कपात करावी लागली. या स्थितीमागे कमी झालेला हिवाळी पाऊस, पुनर्भरण क्षेत्रातील बांधकामे, नाल्यांतून येणारा गाळ व वाढता उपसा अशी अनेक कारणे एकत्र आली होती. पुनर्भरणाच्या संदर्भात सूखाताल या जागेचा विशेष उल्लेख करावा लागतो. मुख्य सरोवराच्या वरच्या अंगास असलेले हे तळे केवळ पावसाळ्यात भरते आणि नंतर कोरडे पडते. त्यात साठलेले पाणी जमिनीत मुरून मुख्य सरोवरास मिळते. वर्षातील बराच काळ कोरडी दिसणारी ही जागा ‘रिकामी’ समजून तिच्यावर राडारोडा व बांधकामे यांचे आक्रमण होत गेले. तेथील सुशोभीकरणाच्या कामामुळे पुनर्भरणास बाधा येईल, हा प्रश्न उत्तराखंड उच्च न्यायालयापुढे आला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने कामास स्थगिती दिली. वसंतात नैनितालला जाणाऱ्या अभ्यासकाने नौकाविहाराआधी हे कोरडे तळे पाहावे. सरोवराचा इतिहास व भवितव्य दोन्ही तेथे वाचता येतात.

पाण्याच्या गुणवत्तेच्या दृष्टीनेही वसंत हा संक्रमणकाळ आहे. हिवाळ्यात पृष्ठभागावरील पाणी थंड होऊन जड होते, खाली जाते आणि संपूर्ण सरोवर वरखाली ढवळले जाते. मार्च-एप्रिलपासून वरचा थर तापू लागतो व हलका होऊन वरच राहतो. यास औष्णिक स्तरीकरण म्हणतात. परिणामी तळाच्या थराचा हवेशी संपर्क तुटतो आणि तेथील विरघळलेला प्राणवायू कमी होत जातो. सांडपाणी व मातीबरोबर येणाऱ्या नत्र-स्फुरदयुक्त द्रव्यांमुळे सरोवराचे अतिपोषण झाले असून पाण्याची हिरवट छटा बऱ्याच अंशी शैवालाची आहे. छायाचित्रांतील मोहक हिरवा रंग हा आजाराचेही लक्षण असू शकतो, ही जाणीव विद्यार्थ्यांना करून देणे उपयुक्त ठरेल. या समस्येवर उपाय म्हणून २००७ पासून तळाशी हवा सोडून कृत्रिम वायुवीजन करण्यात येत आहे. त्यापूर्वी १९९५ मध्ये एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरोवरात जाणारे सांडपाणी, उतारांवरील बांधकामे व मॉल रोडवरील वाहतूक यांसंबंधी निर्देश दिले होते.

वसंत आणि वणवा

उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनवणव्याचा काळ मानला जातो. वसंताचा बिगरहंगाम जवळजवळ पूर्णपणे या कालखंडात मोडतो. चीड वृक्षाची सुईसारखी पाने, ज्यांना स्थानिक भाषेत ‘पिरूल’ म्हणतात, या काळात गळून जमिनीवर कोरडा थर तयार करतात. राळयुक्त असल्याने हा थर एका ठिणगीने पेट घेतो. हिवाळा कोरडा गेला असेल तर धोका अधिक वाढतो.

एप्रिल २०२४ मध्ये नैनिताल परिसरातील वने पेटली, तेव्हा आग विझविण्यासाठी भारतीय वायुसेनेच्या हेलिकॉप्टरची मदत घ्यावी लागली. हेलिकॉप्टरला टांगलेल्या मोठ्या बादलीत भीमतालच्या सरोवरातून पाणी भरून ते जळत्या वनावर टाकण्यात आले. ज्या ऋतूत सरोवरांचे पाणी उतरत असते, त्याच ऋतूत वने वाचविण्यासाठी त्या पाण्याची गरज पडते, हे या घटनेने सर्वांसमोर आणले. वणव्यात पालापाचोळ्याचा थर जळाला की पुढील पावसाळ्यात उघड्या उतारावरील माती वाहून येते. ती शेवटी नाल्यांतून सरोवराच्या तळाशी साचते. वन, नाला आणि सरोवर अशी ही एकच साखळी आहे.

बिगरहंगामी पर्यटनाचे लाभ व मर्यादा

वसंतातील पर्यटनाचे लाभ नाकारता येत नाहीत. निवासाचे दर तुलनेने कमी असतात. रस्ते, पायवाटा व नौकास्थाने मोकळी असतात. वल्ह्यांच्या व शिडांच्या होड्या चालविणारे नावाडी, लहान उपाहारगृहे, घोडेवाले, टॅक्सीचालक व हॉटेलांतील कर्मचारी यांचे उत्पन्न वर्षातील मोजक्या आठवड्यांत एकवटलेले असते. मंदीच्या काळात थोडे काम मिळाल्यास त्यांच्या उत्पन्नाला स्थैर्य येते आणि हंगामानंतर दुसरीकडे कामाच्या शोधात जाण्याची गरज काही प्रमाणात कमी होते. पर्यटकालाही नगराशी खरा परिचय होण्याची संधी मिळते. जूनमधील प्रवाशाला नैनिताल बहुतांशी वाहनांच्या रांगांतून दिसते. मार्चमधील प्रवासी दुकानदाराशी चार शब्द बोलू शकतो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा पाण्याची. मे महिन्यातील पर्यटक मार्चमध्ये आला तर वाहतुकीची कोंडी कमी होते, परंतु त्याने वापरलेले पाणी त्याच साठ्यातून जाते. एकूण पर्यटकसंख्या तीच राहिली तर सरोवराचे नुकसान होत नाही. मात्र मे महिन्यातील गर्दी कायम राहून मार्चमध्ये नवी गर्दी निर्माण झाली, तर सरोवर उन्हाळ्याला सामोरे जाताना आधीच रिते झालेले असेल. दुसरी मर्यादा विश्रांतीची. पायवाटांची दुरुस्ती, नाल्यांतील गाळ व कचरा काढणे, होड्यांची डागडुजी ही कामे गर्दीच्या काळात नीट होऊ शकत नाहीत. वर्षभर समान गर्दी ही हॉटेल व्यवसायाला इष्ट वाटली तरी नगराच्या देखभालीसाठी मोकळा काळ लागतो. तिसरी मर्यादा अशी की, वसंताची शांतता आता पूर्वीइतकी निश्चित राहिलेली नाही. भवालीजवळील कैंची धाम येथे अलीकडील वर्षांत भाविकांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली असून सुट्टीला जोडून येणाऱ्या दिवसांत काठगोदाम-भवाली-नैनिताल मार्गांवर एरवीही कोंडी होते.

म्हणून ‘बिगरहंगामात या’ या आवाहनाबरोबर ‘हंगामात कमी या’ ही दुसरी बाजू मांडली जाणे आवश्यक आहे. पहिली बाजू व्यवसायाला सोयीची असल्याने तिचा प्रचार सहज होतो. दुसरी बाजू मांडण्याची जबाबदारी शासन, नगरपालिका आणि शिक्षणसंस्था यांच्यावर येते.

शैक्षणिक सहलींच्या दृष्टीने सूचना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या भूगोल, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना नैनिताल हे क्षेत्रभेटीसाठी उपयुक्त स्थळ आहे. अडचण वेळापत्रकाची आहे. मार्च-एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक व लेखी परीक्षा असतात; त्यामुळे प्राध्यापक व त्यांची कुटुंबे मे महिन्यातच बाहेर पडतात आणि मुख्य हंगामाच्या गर्दीचा भाग बनतात. या पार्श्वभूमीवर पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) द्वितीय सत्रातील क्षेत्रभेट फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आखावी. बुरांशाचा बहर सुरू होत असतो आणि परीक्षांना अवधी असतो.
२) होळी व तिला जोडून येणाऱ्या सुट्ट्या टाळाव्यात.
३) काठगोदामपर्यंत रेल्वेने व पुढे सार्वजनिक वाहनाने किंवा एकाच बसने जावे. स्वतंत्र मोटारींचा ताफा नेऊ नये.
४) अभ्यासाच्या वेळापत्रकात तल्लीताल येथील निर्गमद्वार, बलिया नाला, सूखाताल, फ्लॅट्सचे मैदान आणि बांज व चीड यांच्या वनांची तुलना यांचा समावेश असावा. मनोरा शिखरावरील आर्यभट्ट प्रेक्षण विज्ञान संशोधन संस्थेस पूर्वपरवानगीने भेट देता येते.
५) निवासात पाण्याच्या वापराची नोंद विद्यार्थ्यांकडून ठेवून घ्यावी. एका गटाने तीन दिवसांत वापरलेले पाणी हा स्वतंत्र प्रकल्पाचा विषय होऊ शकतो.
६) वनात कोणत्याही कारणाने विस्तव पेटवू नये आणि वन विभागाच्या सूचनांचे काटेकोर पालन करावे.

निष्कर्ष

नैनितालच्या उदाहरणावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पर्यटनाचा हंगाम ही केवळ हवामानाची निष्पत्ती नसून प्रशासन, रेल्वे व शाळांच्या सुट्ट्या यांनी घडविलेली व्यवस्था आहे. ती बदलता येणे शक्य आहे. व्यवसायाचा बिगरहंगाम आणि निसर्गाचा विश्रांतिकाळ एकच असतात, असे मात्र मानता येत नाही. महाबळेश्वरला पावसाळ्यात हे दोन्ही जुळून येतात. नैनितालच्या वसंतात ते जुळत नाहीत. तेथे याच काळात सरोवर उतरत असते, तळातील प्राणवायू घटू लागतो आणि वने वणव्याच्या छायेत असतात. अशा वेळी जाणारा पर्यटक कमी गर्दीचा लाभ घेतो, पण तो रिकाम्या जागी जात नसतो. मे-जूनमधील आपली भेट रद्द करून तो वसंतात जात असेल आणि पाणी जपून वापरत असेल, तर त्याच्या प्रवासाने नावाड्याला रोजगार मिळेल व सरोवरावर अधिक भार पडणार नाही. वसंतातील प्रवास या दोन अटींवरच नैनितालच्या हिताचा ठरतो.